झोप कमी पडली हे कळायलाही झोप लागते

वर्तमानपत्राच्या रात्रपाळीत मी सहा वर्षं काढली. डाक आवृत्ती साडेदहाला सुटायची, शहर आवृत्ती दीडच्या सुमारास. त्या आठवड्यातली ती सलग सहावी रात्र. एका ज्येष्ठ समाजसेवकांच्या निधनाची बातमी आतल्या पानावर होती आणि सोबत दोन सिंगल कॉलम फोटो. एक गेलेल्या गृहस्थांचा, दुसरा त्यांना श्रद्धांजली वाहणाऱ्या मित्राचा. फोटोओळी मीच लिहिल्या. पानाचं प्रिंटआउट हातात घेऊन, ओळीवर बोट ठेवत वाचलं, एकदा नव्हे तीनदा, आणि सही करून पान सोडलं. सकाळी साडेसातला फोन वाजला. पलीकडे शांत, म्हातारा आवाज : "मी अजून आहे, एवढंच कळवायचं होतं."

दोन्ही फोटोओळींची अदलाबदल झाली होती. संपादकांनी विचारलं, "झोपेत होतास काय?" मी छातीठोकपणे नाही म्हणालो, आणि मी खोटं बोलत नव्हतो. डोळे चुरचुरत नव्हते, जांभई नव्हती, दोन कटिंग पोटात होते. मला स्वतःला मी अगदी ठीक वाटत होतो. चुकीपेक्षा हे ठीक वाटणंच मला पुढे कित्येक वर्षं खुपत राहिलं. झोपेबद्दल जे काही वाचत गेलो ते त्यापायीच.

पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या संशोधकांनी २००३ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. ४८ निरोगी माणसं घेतली. काहींना रोज आठ तास अंथरुणात राहायला मिळायचं, काहींना सहा, काहींना चारच. असं सलग १४ दिवस. आणखी एका गटाला तीन दिवस डोळा मिटूच दिला नाही. मग चाचण्या. त्यातली मुख्य चाचणी कमालीची कंटाळवाणी आहे : पडद्याकडे बघत राहायचं, आकडे उमटले की बटण दाबायचं, दहा मिनिटं. अर्ध्या सेकंदाहून जास्त वेळ लागला की लक्ष सुटलं असं धरायचं. हुशारीचा इथे काही उपयोग नाही, फक्त 'जागेवर असणं' मोजलं जातं. आठ तासवाले जवळपास तसेच राहिले. सहा आणि चार तासवाल्यांची घसरण मात्र रोज थोडी थोडी वाढतच गेली, आणि दोन आठवड्यांच्या शेवटी ती काही चाचण्यांत दोन रात्री सलग जागलेल्यांच्या पंक्तीला जाऊन बसली.

खरी गंमत दुसऱ्याच आलेखात आहे. या लोकांना 'किती झोप येतेय?' असंही विचारत होते. पहिले काही दिवस तो आकडा चढला आणि मग जवळपास थांबला. कामगिरी घसरतच होती, पण माणसं सांगत होती, आता काही विशेष वाटत नाही. आपल्या भाषेत याला 'सवय झाली' म्हणतात. सवय तक्रार न करण्याची झालेली असते. मेंदूला कमी झोपेची सवय होत नाही.

"मला पाच तास पुरतात" हे वाक्य प्रत्येक ऑफिसात कोणीतरी अभिमानाने म्हणत असतं. कमी झोपेत भागणारे लोक खरोखर असतात. २००९ साली एका जनुकातला असा बदल सापडला, की तो असलेल्या मायलेकी साधारण सहा-सव्वासहा तासांतच ताज्यातवान्या होऊन उठायच्या. पण हा बदल फारच दुर्मिळ आहे. सुट्टीच्या दिवशी दहापर्यंत झोपणारा माणूस त्या घराण्यातला नाही, एवढं खात्रीने सांगता येतं.

आता हे होतं कसं. मेंदूत झोपेचा हिशेब दोन ठिकाणी चालतो. पहिला हिशेब उधारीचा. आपण जागे असतो, मेंदू ऊर्जा जाळतो, त्यातून अडेनोसिन नावाचं रसायन साचत जातं. जितका वेळ जागे, तितकं ते जास्त. मेंदूतल्या ठरावीक जागांवर ते जाऊन बसलं की पेशी मंदावतात, डोळे जड होतात. गाढ झोपेत ही उधारी फिटते. चहा-कॉफी काय करते? एसटीत आपण खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतो ना, कॅफिन तेवढंच करतं. अडेनोसिनच्या जागेवर रुमाल टाकतं. अडेनोसिन कुठे जात नाही, ते दाराशी उभंच असतं, आणि गर्दी वाढत राहते. रुमाल उचलला गेला की सगळे एकदम आत. शिवाय कॅफिन निम्मं व्हायला साधारण पाच-सहा तास लागतात, म्हणजे रात्री दहाच्या चहातलं निम्मं कॅफिन पहाटे तीन-चारला अंगात असतं.

दुसरा हिशेब घड्याळाचा. दोन्ही डोळ्यांच्या नसा मेंदूत जिथे एकमेकींना ओलांडतात, तिथे वर सुमारे २०,००० पेशींचा एक पुंजका आहे. उजेड बघून तो दिवस-रात्र ठरवतो आणि त्यानुसार शरीराचं तापमान, संप्रेरकं, तरतरी वरखाली करतो. पहाटे तीन ते पाच हा त्याचा तळ. सकाळ झाली की तो आपल्याला वर उचलतो, झोपलेलो असू वा नसू. रात्रभर जागरण-गोंधळात किंवा विसर्जन मिरवणुकीत काढलेल्यांना हे माहीत असतं : पहाटे चारला उभं राहवत नव्हतं आणि आठला एकदम फ्रेश! उधारी तशीच असते, घड्याळाने फक्त दिवा लावलेला असतो. आणि त्या दिव्याच्या भरवशावर माणूस गाडीची किल्ली उचलतो.

मग त्या रात्री मला तीनदा वाचूनही फोटोओळ का दिसली नाही? याचं मला पटलेलं उत्तर उंदरांकडून आलं. २०११ मध्ये अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन इथल्या संशोधकांनी उंदरांना त्यांच्या नेहमीच्या झोपेच्या वेळेत खेळणी देऊन जागं ठेवलं. उंदीर डोळे उघडे ठेवून हिंडत होते, मेंदूचा एकूण आलेखही जागेपणाचाच होता. पण आतल्या काही पेशींचे गट मधूनच गप्प व्हायचे, गाढ झोपेत होतात तसे, क्षणभर. त्याच वेळी उंदीर साखरेचा दाणा उचलायला गेला तर नेम चुकायचा. म्हणजे झोप ही अख्ख्या घराचा मेन स्विच पाडल्यासारखी येते असं नाही. एकेका खोलीतला दिवा आधी जातो. २०१७ मध्ये माणसांतही तसंच काहीसं दिसलं. अपस्माराच्या काही रुग्णांच्या मेंदूत उपचारासाठी तारा बसवलेल्या होत्या, त्यांना रात्रभर जागवून चित्रं दाखवली. ज्या वेळी उत्तर द्यायला उशीर झाला, त्या वेळी चित्र ओळखणाऱ्या पेशींचा प्रतिसादही मंद आणि उशिरा आलेला होता. डोळ्यांनी पाहिलेलं होतं, मेंदूने वेळेवर 'घेतलं' नव्हतं. माझं बोट ओळीवर होतं, वाचणारी खोली बंद होती.

आणि 'मी ठीक आहे का?' हे तपासणारी खोलीही याच घरातली. कपाळामागचा मेंदूचा भाग, जो स्वतःवर नजर ठेवतो, आवरतो, तोलतो, तो जागरणाने लवकर थकणाऱ्यांपैकी आहे. चोरी झाली तेव्हा रखवालदारच पेंगत होता. मग सकाळी त्याची साक्ष काय कामाची?

काही सेकंदांची अशी पूर्ण डुलकी लागली तर तिला मायक्रोस्लीप म्हणतात. डोळे उघडेही असू शकतात. ताशी ८० किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला २२ मीटर जाते. चार सेकंदांत जवळपास ९० मीटर, चालकाविना. ऑस्ट्रेलियात १९९७ साली झालेल्या एका तुलनेत सलग १७ तास जाग्या माणसाची कामगिरी रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असलेल्या माणसाइतकी घसरलेली दिसली. आपल्याकडे गाडी चालवताना कायद्याची मर्यादा ०.०३ टक्के आहे. सकाळी सहाला उठून दिवसभर नोकरी करून, रात्री अकराला गणपतीसाठी कुटुंबकबिला गाडीत घालून कोकणात निघणारा चाकरमानी हा या हिशेबाने नाक्यावर अडवायला हवा असा माणूस आहे. फुंकून बघायचं यंत्र त्याला पकडत नाही, एवढंच.

लक्षाचं झालं, आता मूड. जागरण झालेल्या घरात सकाळी भांडी जरा जोरात वाजतात, हे सांगायला शास्त्रज्ञ लागत नाही. पण आत काय होतं ते २००७ मध्ये मेंदूच्या स्कॅनमध्ये दिसलं. सुमारे ३५ तास जागवलेल्या तरुणांना अस्वस्थ करणारी चित्रं दाखवली. मेंदूत खोलवर बदामाच्या आकाराचा एक भाग आहे, धोक्याची घंटा वाजवणारा. झोपून आलेल्यांपेक्षा जागलेल्यांत तो सुमारे ६० टक्के जास्त उसळला, आणि त्याला 'थांब, काही नाही' म्हणणाऱ्या कपाळामागच्या भागाशी असलेला त्याचा संपर्क सैल पडला. साध्या प्रश्नावर बायको खेकसली, साहेबांच्या 'बघू' या शब्दात अपमान दिसला, तर घंटा आणि घंटा थांबवणारा यांच्यातली तार ढिली झालेली असू शकते. अर्थात साहेब खरोखरच अपमान करत असतील ही शक्यता उरतेच.

स्मरणशक्तीचं थोडक्यात : दिवसभरात शिकलेलं पक्कं करायचं बरंचसं काम झोपेत होतं, आणि दुसऱ्या दिवशी नवं काही घ्यायला मेंदू मोकळा असावा यासाठीही आदल्या रात्रीची झोप लागते. परीक्षेच्या आदल्या रात्री जागून केलेला अभ्यास पेपरापुरता कसाबसा टिकतो आणि मग कायमचा जातो, तो यामुळे.

हे सगळं न्यायालयापर्यंतही पोचलेलं आहे. १५ एप्रिल २०२४ रोजी मुंबई उच्च न्यायालयासमोर एका ६४ वर्षांच्या गृहस्थांचं प्रकरण होतं. सक्तवसुली संचालनालयाने, म्हणजे ईडीने, त्यांचा जबाब रात्री साडेदहाच्या सुमाराला घ्यायला सुरुवात केली आणि तो पहाटे तीनपर्यंत चालला. ईडीचं म्हणणं, त्यांनी स्वतः संमती दिली होती. न्यायमूर्ती रेवती मोहिते-डेरे आणि मंजुषा देशपांडे यांच्या खंडपीठाने हे मान्य केलं नाही. झोपेचा हक्क ही माणसाची मूलभूत गरज आहे, ती हिरावल्याने माणसाचं आरोग्य, मानसिक क्षमता आणि आकलन यांवर परिणाम होतो, जबाब दिवसाढवळ्या घ्यावेत, असं न्यायालयाने सांगितलं. अटकेला आव्हान देणारी त्यांची याचिका मात्र फेटाळली गेली. पुढे त्याच वर्षी ईडीने रात्रीच्या चौकशा टाळण्याबद्दल परिपत्रक काढलं.

संमतीचा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो. पहाटे दोनला दिलेली संमती कोणी दिलेली असते? अमेरिकेत २०१६ मध्ये ८८ जणांवर झालेला एक प्रयोग आहे. त्यांना संगणकावर काही कामं दिली आणि बजावलं, एस्केपचं बटण दाबू नका, सगळी माहिती पुसली जाईल. नंतर निम्म्यांना रात्रभर झोपू दिलं, निम्म्यांना जागवलं. सकाळी प्रत्येकापुढे एक कागद ठेवला : 'मी ते बटण दाबलं.' दाबलेलं कोणीच नव्हतं. झोपलेल्यांपैकी १८ टक्क्यांनी सही केली, जागलेल्यांपैकी ५० टक्क्यांनी. एका रात्रीच्या जागरणात निम्मी माणसं न केलेल्या गोष्टीवर सही करून मोकळी झाली. मारहाण नाही, धमकी नाही. माझ्या फोटोओळीखालची सही मला इथे पुन्हा आठवते.

आतापर्यंतचं सगळं झोप मिळूनही न घेतलेल्यांचं किंवा घेऊ न दिलेल्यांचं. काहींचं दुखणं उलटं असतं : वेळ आहे, गादी आहे, अंधार आहे, फक्त डोळ्याला डोळा लागत नाही. आठवड्यातून किमान तीन रात्री, तीन महिन्यांहून जास्त काळ हे चाललं आणि दिवसाच्या कामावर परिणाम व्हायला लागला, तर त्याला जुनाट निद्रानाश म्हणतात.

यातली सर्वांत विचित्र गोष्ट अशी, की निद्रानाशाच्या पुष्कळ रुग्णांना आपण झोपलो होतो हेच कळत नाही. मेंदूचा आलेख झोप दाखवत असतो, उठवून विचारलं तर माणूस म्हणतो, छे, जागाच होतो मी. तो खोटारडा नसतो. त्याचा मेंदू झोपेतही अर्धा पहाऱ्यावर असतो, बाहेरचं ऐकत, हिशेब करत. म्हणजे कमी झोपणारा म्हणतो मी ठीक आहे, आणि झोपून उठलेला म्हणतो मी टक्क जागा होतो. आपल्या झोपेचे आपण फारच वाईट साक्षीदार.

निद्रानाश सुरू होतो तो एखाद्या कारणाने : नोकरी गेली, वडील आजारी पडले, बाळ झालं. कारण निघून जातं आणि निद्रानाश घरजावयासारखा राहतो. कारण मधल्या काळात आपण झोप मिळवायच्या खटपटी सुरू केलेल्या असतात. नऊलाच अंथरुणात शिरायचं, दुपारी भरपाई करायची, रात्री दर अर्ध्या तासाने मोबाइल उचलून 'आता पाचच तास उरले' असा हिशेब करायचा. हळूहळू मेंदूच्या लेखी अंथरूण म्हणजे काळजी करायची जागा होऊन बसते. सोफ्यावर टीव्हीसमोर मान टाकून घोरणारा माणूस उठून गादीवर गेला की टक्क जागा होतो, हे पाहिलंच असेल. सोफ्यावर त्याच्याकडून कोणाचीच अपेक्षा नसते.

म्हणून यावर पहिला उपाय म्हणून जी पद्धत सुचवली जाते ती ऐकायला उफराटी आहे. अमेरिकेतल्या फिजिशियन डॉक्टरांच्या संघटनेने २०१६ मध्ये सांगितलं, की जुनाट निद्रानाशाला गोळ्यांच्या आधी विचार आणि सवयी बदलण्याची ठरावीक उपचारपद्धती वापरा. त्यात अंथरुणातला वेळ वाढवत नाहीत, कापतात. आठ तास लोळून साडेपाच तास झोप लागत असेल, तर साडेपाच तासच अंथरूण. उठायची वेळ पक्की, रविवारीही. झोप लागत नसेल तर उठून दुसऱ्या खोलीत बसायचं, डोळे मिटायला लागले की परत. पहिले आठ-दहा दिवस जीव नकोसा होतो. मग उधारी इतकी साचते की पाठ टेकताच झोप येते, आणि अंथरुणाचं झोपेशी पुन्हा जमतं. मग वेळ पाव-पाव तासाने वाढवायची. हे जाणकाराच्या देखरेखीखालीच करावं, आणि अपस्मार किंवा बायपोलर (कधी उन्माद, कधी नैराश्य असा मानसिक आजार) असणाऱ्यांनी मनाने मुळीच करू नये.

गोळ्यांबद्दल मी जरा कडक आहे. अल्प्राझोलामसारखी गोळी चिठ्ठीशिवाय देता येत नाही असा नियम आहे, आणि 'ओळखीच्या केमिस्टकडे मिळते' हेही सगळ्यांना ठाऊक आहे. काही दिवसांसाठी, डॉक्टरच्या सांगण्यावरून, ठीक. महिनोन्‌महिने घेतली की सवय लागते, स्मरणावर आणि तोलावर परिणाम होतो, म्हातारी माणसं रात्री बाथरूमला जाताना पडतात. आणि इथवर वाचून कोणी आजच डबीच फेकून देणार असेल तर थांबा : बऱ्याच काळाची गोळी अचानक तोडली तर झटकेसुद्धा येऊ शकतात. ती हळूहळू, डॉक्टरकडूनच उतरवायची.

आता आमच्या घरातली गोष्ट. बाबा बँकेतून निवृत्त झाले आणि दोनेक वर्षांत वेगळेच झाले. ज्यांना खातेदारांचे नंबर तोंडपाठ असायचे ते गॅसवर दूध ठेवून विसरायला लागले. पेपर वाचताना पेंगायचे, कोणी हटकलं की खेकसायचे. शब्दकोडं अर्धं सोडून द्यायचे. आम्ही मुलांनी मनातल्या मनात म्हातारपणाचे मोठे मोठे आजार मोजून झाले होते. 'झोप कशी लागते?' असं डॉक्टरांनी विचारलं तेव्हा बाबा अभिमानाने म्हणाले, "पाठ टेकली की मेलो! झोपेची तक्रार नाही आपली." तेव्हा मागच्या खुर्चीतून आई म्हणाली, "अहो डॉक्टर, ह्यांचा श्वासच थांबतो मध्येच. मी हलवते तेव्हा घेतात."

त्या एका वाक्याने निदान झालं. घोरणं म्हणजे गाढ झोप असं आपण धरून चालतो. काहींच्या बाबतीत तो चिंचोळ्या वाटेतून ओढलेल्या हवेचा आवाज असतो. झोपेत घशाचे स्नायू सैलावतात, वाट बंद होते, दहा सेकंद, वीस सेकंद, कधी त्याहून जास्त. रक्तातला प्राणवायू उतरतो, मेंदू घाबरून क्षणभर जागा होतो, मोठा घुरका, श्वास सुरू, पुन्हा झोप. माणसाला यातलं काहीही आठवत नाही. बाबांची एका रात्रीची तपासणी झाली : बोटाला चिमटा, नाकाशी नळी, छातीला पट्टा. तासाला ३८ वेळा. ३० च्या पुढे तीव्र समजतात. म्हणजे आठ तासांत तीनशे वेळा कोणीतरी दारावर थाप मारून उठवत होतं, आणि सकाळी आम्ही विचारत होतो की बाबा, तुम्ही असे चिडता का?

या आजाराला स्लीप ॲप्निया म्हणतात. विसराळूपणा, चिडचिड, उदासी, कशात मन न लागणं ही त्याची मनावरची तोंडं, आणि ती नैराश्यासारखी किंवा विस्मरणाच्या आजारासारखी दिसतात. बायकांमध्ये, विशेषतः पाळी गेल्यानंतर, घोरणं कमी आणि नुसता थकवा जास्त असंही दिसतं, त्यामुळे त्यांचं निदान आणखी मागे पडतं. उपाय म्हणजे नाकावर मुखवटा लावून हवेच्या हलक्या दाबाने घसा उघडा ठेवणारं यंत्र. सिडनीतले डॉक्टर कॉलिन सुलिव्हन यांनी ते १९८१ मध्ये पुढे आणलं; सुरुवातीच्या यंत्रांत व्हॅक्यूम क्लीनरची मोटर होती. बाबांनी पहिल्या रात्री मुखवटा लावून आरशात पाहिलं आणि म्हणाले, "हत्ती दिसतोय."

इतर विकारांपैकी एकच सांगतो, कारण त्यावरून घरं अजून भगताकडे जातात. स्वप्नं पडतात त्या झोपेत मेंदू शरीराचे स्नायू मुद्दाम बंद ठेवतो, नाहीतर आपण स्वप्नातलं सगळं करायला लागू. कधीकधी मन आधी जागं होतं आणि स्नायूंची कडी निघायची राहते. डोळे उघडे, खोली दिसतेय, हात हलत नाही, ओरडता येत नाही, छातीवर कोणीतरी बसलंय. स्वप्नाचा तुकडा अजून चालूच असल्याने ते 'कोणीतरी' दिसतंही. गावाकडे कोणी मुंजा म्हणतं, कोणी नुसतंच 'बाहेरचं'. काही सेकंदांत, फार तर काही मिनिटांत, सुटतं. अपुरी आणि वेळी-अवेळी झोप असली की जास्त होतं.

झोप आणि मानसिक आजार यांचं नातं दोन्ही बाजूंनी आहे. नैराश्यात झोप बिघडते हे जुनं ज्ञान. पण ज्यांना आधी नैराश्य नव्हतं, नुसता निद्रानाश होता, त्यांना पुढे नैराश्य येण्याची शक्यता साधारण दुप्पट असते, असं अनेक अभ्यास एकत्र करून २०११ मध्ये मांडलं गेलं. ब्रिटनमध्ये २०१७ मध्ये ३,७५५ विद्यार्थ्यांवर एक चाचणी झाली; ज्यांच्या निद्रानाशावर ऑनलाइन उपचार केले, त्यांचे भास आणि संशयी विचारही कमी झाले. संशयावर उपचार केलेच नव्हते, फक्त झोपेवर केले होते.

एक गोष्ट मात्र घरच्यांनी लक्षात ठेवावी. बायपोलर असलेल्या माणसाला एखाद-दुसऱ्या रात्रीचं जागरणही उन्मादात ढकलू शकतं, आणि येणाऱ्या उन्मादाची पहिली खूण बहुतेकदा झोपच असते : तीन तास झोपून माणूस उठतो आणि थकलेला नसतो. उलट पहाटे कपाटं आवरतो, भराभर बोलतो, नवा धंदा काढायचं ठरवतो. थकवा नसणं हीच इथली घंटा. पहिलटकरणीला बाळंतपणानंतर दोन-तीन रात्री झोपच नाही आणि असंबद्ध बोलणं सुरू झालं, तर दृष्ट काढत बसू नये, त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. १४४१६ या सरकारी टेली-मानस क्रमांकावर मराठीतही बोलता येतं.

'आठ तास झोपा' हा सल्ला द्यायला मला स्वतःला संकोच वाटतो. शेतीच्या पंपाला विजेची पाळी रात्रीची आली, की शेतकरी बॅटरी आणि काठी घेऊन बारा वाजता पाणी द्यायला निघतो. साप-बिबट्याची भीती वेगळीच. बदलापूरहून पहिली लोकल धरणारीला, सलग ड्युटी करणाऱ्या निवासी डॉक्टरला झोपेचं महत्त्व लेखातून कळायचं बाकी नाही. त्यांची झोप त्यांच्या हातात नाही, वेळापत्रक लिहिणाऱ्याच्या हातात आहे. २००४ मध्ये अमेरिकेतल्या एका रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात शिकाऊ डॉक्टरांच्या लांबलचक ड्युट्या कापून पाहिल्या. जुन्या वेळापत्रकात गंभीर चुका ३६ टक्के जास्त होत होत्या. डॉक्टर तेच, शिक्षण तेच.

बाबांचं यंत्र आता दोन वर्षं चालू आहे. दूध उतू जायचं थांबलं, शब्दकोडं चहा संपायच्या आत सुटतं, आडवे शब्द पेनने. आईची मात्र नवीनच तक्रार आहे. रात्री दोन-अडीचला तिला जाग येते, खोलीत घोरण्याचा आवाज नसतो, आणि ती उठून, दिवा न लावता, बाबांच्या नाकापुढे हात धरून बघते.